घराची संमती कोणाकडे जावी याविषयी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सत्तेचाळीस, व्यवसाय पुस्तकबांधणी, राहणार बिजागऱ्यांच्या कारखान्यावरचा मजला, रस्त्याकडची खोली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझ्या पश्चात माझे दोन्ही भाऊ सर्वांत आधी याच मुद्द्यावर शंका काढतील. मी धडधाकट असताना मला बुद्धी आहे की नाही हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. ते आणण्याचा प्रयत्न झाला, तो फळांच्या टोपल्यांच्या रूपाने. त्याचा उल्लेख पुढे येईल.

पुढच्या आठवड्यात माझ्या पोटाची शस्त्रक्रिया आहे. काळजीचे कारण नाही असे डॉक्टर म्हणतात, आणि म्हणताना माझ्याकडे न बघता कागदांकडे बघतात. म्हणून हे लिहिणे.

कलम १. शब्दांचे अर्थ.

मोठ्या करारांमध्ये पहिली पाने शब्दांचे अर्थ सांगण्यात जातात आणि उरलेली ते फिरवण्यात. मी पहिले तेवढे घेते. ‘दादा’ म्हणजे माझा थोरला भाऊ, कारखान्याचा प्रमुख. ‘बाळ’ म्हणजे धाकटा भाऊ. तो आता केस रंगवतो आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला वेगळा राहतो, तरी घरात त्याला बाळच म्हणतात आणि काम देतानाही तेच लक्षात ठेवतात. ‘वहिनी’ म्हणजे दादाची पत्नी. ‘बाबा’ म्हणजे आमचे वडील, ज्यांनी कारखाना काढला. ते आणि आई दोघेही आता नाहीत. ‘कंपनी’ म्हणजे कपाटे बनवणारी ती मोठी कंपनी, जिच्या कपाटांना आमच्या बिजागऱ्या लागतात आणि जिच्याशी आमची भागीदारी आहे. ‘घर’ या शब्दाचा अर्थ कलम पाचमध्ये येईल. तो मी लावलेला नाही.

कलम २. अवजारे.

पुस्तके आवळायचा लाकडी शिकंजा, दोन्ही सुऱ्या, दाभणे, कागदाची घडी दाबायची हाडाची पट्टी, सरसाचे भांडे आणि कापडाचे उरलेले तागे कोपऱ्यावरच्या बांधणीवाल्याला द्यावेत. त्याचे काम वाईट आहे. पुस्तकाच्या पाठीला तो सरस लावायला कंटाळतो आणि पाने सुटली की गिऱ्हाइकाला सांगतो, पुस्तकच जुनं होतं. पण माझे काम हातात घेऊन, नावे ठेवण्यासाठी का होईना, उलटून पाहणारा तो एकटाच. माझ्या घरात तेवढेही कोणी केले नाही.

कलम ३. बँकेतली बचत.

इस्पितळाचे बिल माझ्या बचतीतून भागवावे आणि उरेल ते खालच्या कामगारांच्या पतपेढीला द्यावे. कारखान्याने माझ्या आजारपणावर खर्च करू नये. तो कोणत्या खात्यात टाकायचा हे विचारायला दादा हिशेबनिसाकडे जाईल, आणि मेल्यावर ‘किरकोळ’मध्ये जाऊन पडण्याची माझी इच्छा नाही.

कलम ४. पुढच्या खोलीतला सोफा.

सोफ्याचा तिसरा हिस्सा माझा आहे, कारण तो आईने मागे ठेवलेल्या, आम्हा तिघांच्या सामाईक पैशातून घेतला. मात्र तो आमच्यासाठी घेतला नव्हता. कुलपे बनवणारी एक कंपनी आमच्याशी हातमिळवणी करू पाहत होती. तिचे लोक बघायला येणार म्हणून दादाने सोफा आणला, काचेच्या कपाटात ठेवायला कप आणले, आणि तेव्हापासून ती खोली भागीदारांची झाली. आम्ही आमच्याच घरात त्या खोलीच्या कडेकडेने चालायला शिकलो.

आमच्या घराण्याची भागीदारी करायची एक पद्धत आहे, ती इथे नोंदवून ठेवते, कारण नंतर कोणी ती पुस्तकातून शिकल्याचा आव आणेल. समोरचे लोक येतात. दादा त्यांना बाबांची गोष्ट सांगतो, जिच्यात बाबा दर वेळी थोडे अधिक गरीब होत जातात. बाळ रंगीत माहितीपत्रक उघडतो आणि त्यातले चुकीचे पान काढतो. वहिनी चहा आणतात. सरसाचा वास येतो म्हणून मला माझ्या खोलीचे दार लावून घ्यायला सांगितले जाते. मग दर ठरतात, मुदती ठरतात, माल कोणी नेऊन द्यायचा ते ठरते, आणि सगळे ठरून फक्त हो म्हणायचे उरले की दादा पाठ टेकून म्हणतो, “घरी विचारून सांगतो.”

हे वाक्य त्याला बाबांकडून वारशाने मिळाले. बाबा ते म्हणत तेव्हा वर येत, हात धूत, आईच्या समोर पाटावर बसत आणि तिला विचारत. आई धांदरट बाई होती. तिची उत्तरे काही फार शहाणपणाची नसत. एकदा तिने एका ट्रंकवाल्याला केवळ त्याचा आवाज आवडला नाही म्हणून नकार दिला, आणि बाबा खाली जाऊन जमलेला सौदा मोडून आले. दादाने वाक्य तेवढे घेतले. जिना चढण्याची तसदी त्याने घेतली नाही, कारण आता भागीदार वरच येऊन बसत होते.

कुलूपवाल्यांना त्याने महिनोन्महिने घरी विचारण्यावर तंगवले, म्हणजे दर वाढेल. ते कंटाळून निघून गेले, तेव्हा बाजारात सांगितले की घरच्यांना पटले नाही. पुढे खिडक्यावाल्यांचेही असेच झाले. दोन्ही वेळी घरी मी होते, वहिनी होत्या आणि गळणारा नळ होता. तिघांपैकी कोणालाही विचारण्यात आले नव्हते.

सोफ्यातला माझा हिस्सा बाळला द्यावा. त्याने त्यावर पाय वर घेऊन बसावे. आमच्यापैकी कोणीतरी बसलेले बरे.

कलम ५. ‘घर’.

कपाटवाली कंपनी आली ती चौकशी करून आली. या भावांचे बोलणे शेवटपर्यंत जाते आणि शेवटी घरचे कोणीतरी आडवे येते, असे तिला बाजारातून कळले होते. म्हणून तिने एक वकीलबाई बरोबर आणली. बाई सडपातळ, मोजके बोलणारी. पाणीसुद्धा स्वतःचे घेऊन आली होती. दादाने बाबांची गोष्ट सुरू केली, तेव्हा तिने ती ऐकून घेतली आणि मग सांगितले की घरच्यांचा नकार कंपनीला नंतर नको आहे. घरी जे कोणी नाही म्हणते, त्याची सही आधीच कागदावर यावी, आणि पुढे कारखान्याचे नाव, साचे किंवा जागा यांतले काहीही हलवायचे झाले तर त्याचीच लेखी संमती लागेल, असे कलम घालू. म्हणजे दोन्ही बाजू निर्धास्त.

यावर सरळ उत्तर होते. अहो, ती नुसती बोलायची पद्धत आहे, घरी कोणी काही विचारत नाही. पण ते म्हणायचे तर आधीच्या दोघांना आपण फसवले हे तिसऱ्यासमोर कबूल करावे लागणार. दादाला ते जमले नाही. बाळने तोंड उघडले, दादाने त्याच्याकडे पाहिले, बाळने ते मिटले. आमच्या घराण्याचे सगळे मोठे निर्णय असेच झालेले आहेत.

वकीलबाईने पेन काढले. “घरी म्हणजे नेमकं कोणाला विचारता?”

माझ्या खोलीचे दार नीट लागत नाही. बिजागऱ्यांच्या कारखान्यावर राहून ते वर्षानुवर्षे कोणी दुरुस्त केलेले नाही. त्यामुळे मला दिसले. वहिनी चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. दादाची नजर त्यांच्यावर गेली, तिथे क्षणभर थांबली आणि त्यांना ओलांडून माझ्या दाराकडे आली.

“बहिणीला,” तो म्हणाला. “आमच्याकडे तिला विचारल्याशिवाय पान हलत नाही.”

वहिनींनी ट्रे ठेवला, कप कोणापुढे सरकवला नाही, आणि आत गेल्या.

मला बाहेर बोलावून सोफ्यावर बसवण्यात आले. तो बसायला कडक आहे. मी म्हटले, वाचून सही करते. दादा म्हणाला, अगं, नुसती फॉर्मॅलिटी आहे. मी वाचले. करारात लिहिले होते की ‘घर’ म्हणजे अमुक, म्हणजे मी. आणि माझ्या पश्चात मी लेखी नेमीन ती व्यक्ती. मी कोणाला नेमले नसेल तर कारखान्याचे प्रमुख. मी वाचत असताना दादाने दोनदा घड्याळ पाहिले आणि बाळने माझ्या खांद्यावरून वाकून विचारले की कुठपर्यंत आलीस. थांबली ती फक्त ती वकीलबाई. पुढे तिने कंपनी सोडली असे ऐकले. मला नवल वाटले नाही.

ते सगळे गेल्यावर पुढच्या खोलीत दोघे भाऊ बोलत होते, ते भिंतीतून ऐकू आले. बाळ विचारत होता की ताईचं नाव का घातलं, वहिनीचं का नाही.

“बायकोचं घातलं तर उद्या ती खरंच मत देईल,” दादा म्हणाला. “ही कुठे काय बोलते?”

ज्यांना माझ्या स्वभावाविषयी दाखला हवा असेल त्यांच्यासाठी हे वाक्य जसेच्या तसे दिले आहे.

कलम ६. कुटुंबाची सनद.

भागीदारी झाल्यावर कंपनीने आम्हाला तिच्यासाठी तयार करायला स्वतःच्या खर्चाने एक सल्लागार पाठवला. घरच्या धंद्यांना मोठ्या कंपन्यांशी कसे वागावे हे शिकवणे हाच त्याचा धंदा होता. स्वतःच्या घरच्यांशी तो तीन वर्षे बोलत नव्हता, हे त्यानेच जेवताना मोठ्या मोकळेपणाने सांगितले. त्याने फळ्यावर एकमेकांत घुसलेली तीन वर्तुळे काढली. एक घराणे, एक मालकी, एक धंदा. मग प्रत्येकाला रंगीत ठिपका देऊन तो कुठे बसतो ते विचारू लागला. दादा तिन्हींत बसला. बाळही तिन्हींत बसला, जरा कडेला. ताई कुठे बसतात, असे सल्लागाराने विचारले, तेव्हा बाळ म्हणाला, “ताई घरात बसते.” सल्लागाराने मान डोलावून मला हिरवा ठिपका दिला. वहिनींना ठिपका मिळाला नाही. त्या तेव्हा स्वयंपाकघरात त्याच्यासाठी बिनसाखरेचा चहा वेगळा करत होत्या.

आठवडाभर चाललेल्या या खेळातून एक गुळगुळीत पुस्तिका निघाली, तिला कुटुंबाची सनद म्हणतात. तिचे पहिले वाक्य आहे, ‘आम्ही एकमेकांचे ऐकतो.’ ते वाक्य कोणी लिहिले यावर दोघा भावांचे भांडण झाले आणि त्यात कोणी कोणाचे ऐकले नाही. समारोपाला कंपनीचे मोठे साहेब आले होते. ते म्हणाले की आमची कंपनी म्हणजेसुद्धा एक कुटुंबच आहे. मी जन्मभर कुटुंबात राहिले आहे. जो माणूस ही गोष्ट शिफारस म्हणून सांगतो, तो कुटुंबात राहिलेला नाही किंवा त्याचे तिथे फारच बरे चालले आहे.

सनदेची माझी प्रत मी चामड्यात बांधली आहे. माझ्या हातून झालेली ही सर्वांत देखणी बांधणी असून आत वाचण्याजोगे काही नाही. ती दादाला द्यावी. त्याला ती शोभेल.

कलम ७. सध्याची परिस्थिती.

कराराचे नूतनीकरण तोंडावर आले आहे आणि कंपनीला आता आमचे नाव आणि साचे दोन्ही हवे आहेत. बिजागऱ्या ती स्वतःच्या कारखान्यात करणार. खालची यंत्रे निघतील, तळमजल्याचे गोदाम होईल. दादा आणि बाळ यांना एका सल्लागार मंडळावर घेणार आहेत. ते मंडळ कोणाला सल्ला देते ते मला कळू शकले नाही. बाळने त्या पदाची कार्डे छापूनही घेतली आहेत. कामगारांचे काय, असे मी विचारले. दादा म्हणाला, त्यांचं कंपनी बघेल. खाली जी माणसे आहेत त्यांतल्या काहींनी बाबांच्या हाताखाली बिजागऱ्यांची पाती वाकवायला सुरुवात केली. कंपनीने आजवर त्यांच्यातल्या एकाकडेही बघितलेले नाही, ती आता बघायला सुरुवात करील असे धरून चालायचे.

यातले काहीही माझ्या संमतीशिवाय होत नाही. मी नाही म्हटलेले नाही, हो म्हटलेले नाही. विचार करते, असे सांगितले आहे. यात डाव नव्हता. मी खरोखरच विचार करत होते, पण आमच्या घरात तो प्रकार कोणी पाहिलेला नसल्यामुळे त्यांना तो दराचा प्रश्न वाटला. म्हणून फळे सुरू झाली. दर रविवारी बाळ रिबीन बांधलेली टोपली घेऊन येतो. गेल्या खेपेला माझ्या उशाशी बसून, सफरचंद सोलत, हसून म्हणाला, “खा गं ताई, अंगात ताकद पाहिजे. निदान सहीपुरती.”

आजाराचे निदान कळले त्या दिवशी दादा माझ्या खोलीत आला. बऱ्याच वर्षांनी आला असावा, कारण पंख्याचे बटण कुठे आहे ते त्याला सापडेना. मी सांगितले ते त्याने ऐकले. मग विचारले, “ऑपरेशन कधी आहे? नूतनीकरणाच्या आधी की नंतर?”

आणि लगेच, आपण काय बोललो ते समजून, त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात खरा होता. पुष्कळ वेळ होता. मी त्याला खोटा म्हणणार नाही. पण प्रश्न आधी आला आणि हात नंतर, आणि मला हे मृत्युपत्र त्या क्रमाने लिहावे लागत आहे.

ऑपरेशन आधी आहे. मी टेबलावरून परत आले नाही आणि कोणाला नेमूनही गेले नाही, तर ‘घर’ म्हणजे दादा होईल. म्हणजे कारखान्याचा प्रमुख घरी विचारायला आरशासमोर उभा राहील.

कलम ८. वहिनी.

वहिनींशी माझे पटत नाही, ही गोष्ट मी इथे झाकून ठेवत नाही. खिडक्यावाले येणार होते त्या दिवशी त्यांनी माझे सरसाचे भांडे, गरम सरसासकट, उचलून मागच्या अंगणात नेऊन टाकले. शेजारी शिकंज्यातून नुकतेच काढलेले एक गिऱ्हाइकाचे पुस्तक होते, तेही त्यात गेले. वास येतो, पाहुणे काय म्हणतील, एवढेच त्या म्हणाल्या. तेव्हापासून आमच्यात पाणी, किल्ली आणि दूध यांपलीकडे बोलणे नाही. आम्ही एकमेकींना ‘तुम्ही’ म्हणतो. सुरुवातीला ते मानाचे होते, नंतर अंतर ठेवायला सोयीचे झाले. हे भांडण मी कोणाच्याही नावे करत नाही. ते माझे आहे आणि माझ्याबरोबर जाईल.

परंतु माझे नाव करारात घातले त्या दिवशी पाहुणे गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. काहीतरी बोलावे असे वाटत होते, काय ते ठरले नव्हते. वहिनी धुतलेले कप पुन्हा धूत होत्या.

“तुम्हाला घर केलं म्हणे,” त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या.

मी म्हटले की मी मागायला गेले नव्हते.

“मागावं लागतं हे मलाही कुणी सांगितलं नाही,” त्या म्हणाल्या. “इतकी वर्षं राहते इथे. मला वाटलं, ते आपोआपच असतं.”

मग त्यांनी मला फडके दिले आणि मी कप पुसले. दुसरे काही झाले नाही. पण ज्या घराच्या नावावर दोन कंपन्या परत गेल्या आणि तिसरी येऊन बसली, त्या घरात कोण होते, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसले. मलाही उशिराच दिसले. पण ज्यांना अजून दिसलेले नाही ते आता सल्लागार मंडळावर जाणार आहेत.

कलम ९. संमतीची नेमणूक.

करारातील ‘घर’ म्हणून माझ्या पश्चात मी वहिनींची नेमणूक करते. नाव, साचे, जागा यांपैकी काहीही हलवण्याची संमती देण्याचा अगर नाकारण्याचा अधिकार त्यांचा राहील. अटी दादावर आहेत, वहिनींवर नाहीत. त्याने स्वतः येऊन विचारावे, निरोप पाठवू नये. पुढच्या खोलीत विचारावे, आणि वहिनी तेव्हा बसलेल्या असाव्यात. चहा दुसऱ्या कोणीतरी करावा. करार त्यांना पूर्ण वाचायला द्यावा. विचारून झाल्यावर दादाने गप्प बसावे, आणि उत्तर यायला एक संध्याकाळ लागो की एक ऋतू, मधे बोलू नये.

चहाची अट कायद्यात टिकणार नाही, असे माझ्या वकिलांनी सांगितले. मी म्हटले, न टिकू दे, वाचली तर जाईल.

कलम १०. (हे कलम मी स्वतः खोडले आहे. खाडाखोडीवर माझी सही आहे.)

कलम ११. कलम दहा खोडल्याविषयी.

नेमलेल्या व्यक्तीला ते मान्य आहे की नाही हे आधी विचारून घ्यावे, असे वकिलांनी सुचवले. म्हणून काल दुपारी मी वहिनींना माझ्या खोलीत बोलावले. पदराला हात पुसत त्या आल्या, माझ्या स्टुलावर बसल्या आणि पहिल्या ओळीपासून वाचू लागल्या. सरसाच्या भांड्यापाशी आल्यावर म्हणाल्या की भांडं फुटलं नव्हतं. मी म्हटले, मी पुस्तकाबद्दल लिहिलंय. त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचले आणि पुढे गेल्या.

कलम दहामध्ये मी लिहिले होते की वहिनींनी संमती नाकारावी. का नाकारावी याची कारणे पानभर होती. कंपनी काय आहे, दादा काय आहे, खालची माणसे कुठे जातील, सगळे होते. माझ्या मते या मृत्युपत्रातला तो सर्वांत चांगला लिहिलेला भाग होता. वहिनींनी तो वाचला आणि त्यावर बोट ठेवले.

“हे काय?”

मी म्हटले, माझी इच्छा आहे.

“वन्सं,” त्या म्हणाल्या, “ह्यांनी निदान मला विचारलं तरी नव्हतं. तुम्ही विचारलंत, आणि उत्तरही लिहून दिलंत.”

मी विचारले, मग तुम्ही काय म्हणाल? दादा आला तर?

“ते जो विचारेल त्याला सांगेन. तुम्हाला आत्ता कशाला?” त्यांनी कागद नीट जुळवले, कडा टेबलावर ठोकून सरळ केल्या, जसे मी करते. “आणि तुम्ही परत आलात तर तुमचं तुम्ही बघा. मला काही हौस नाही.”

दारापाशी थांबून त्यांनी विचारले की ते पान त्यांनी खोडायचे की मी. मी म्हटले, मी खोडते. त्या गेल्या नाहीत. मी खोडून होईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. नंतर म्हणाल्या की नेमणूक त्यांना मान्य आहे.

त्यानंतर मी कलम नऊ पुष्कळदा वाचले. त्यात एखादा शब्द असा बसवता येईल का, की अधिकार त्यांचा राहील आणि उत्तर माझ्या बाजूचे येईल, हे शोधत होते. असे शब्द सापडतात. कंपनीच्या करारात ते पानोपानी आहेत, आणि दादाला तर ते न शोधताच सापडतात. मला दोन सापडले. ते मी वापरलेले नाहीत.

वहिनी सही करतील असेही होईल. त्यांना हा जिना नको झाला असेल, पुढची खोली नको झाली असेल, त्यांचे हिशेब माझ्यापेक्षा वेगळे असतील. तसे झाले तर खालची यंत्रे निघतील, आणि मला ते आवडलेले नसेल, आणि माझे न आवडणे तेव्हा कोणाच्या कामाचे नसेल. माझ्या पश्चात या घराचे उत्तर काय असेल ते मला माहीत नाही. हे वाक्य मी खाडाखोड न करता लिहिले आहे.

हे सर्व मी लिहिले, दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी वाचले, आणि कलम दहा सोडून बाकी सगळे मला अजूनही तसेच म्हणायचे आहे म्हणून खाली सही करते. याआधी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. मला मागे ठेवण्याजोगे काही आहे हे आत्ताच कळले.

(सही)
लिहून ठेवणारी, पुस्तकबांधणी करणारी

आमच्या समोर तिने सही केली व तिच्या समोर आम्ही. यातले काहीही आमच्या वाट्याला आलेले नाही.

(सही)
साक्षीदार पहिला: तिला कागद आणि कापड पुरवणारा दुकानदार

(सही)
साक्षीदार दुसरी: निवृत्त ग्रंथपाल, जिची पुस्तके ती बांधत आली आहे

स्थळ: कारखान्यावरचा मजला, रस्त्याकडची खोली.
दिनांक: शस्त्रक्रियेच्या आधीचा गुरुवार, भर दुपारी, खालची सर्व यंत्रे चालू असताना.